डोरेमॉनचे चाहते आणि चाहत्यांचा डोरेमॉन

साहित्यकृती आणि साहित्यिक ह्या दोहोंविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. रसिकाविषयी त्या मानाने फारच थोडे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘सहृदय’ ही संज्ञा देऊन त्याचा गौरव केला खरा, परंतु हा सहृदय बहुधा प्रौढ, व्युत्पन्न आणि शहाणासुरता असाच कल्पिलेला आहे. सात-आठ वर्षांचे पोर शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात भिरकावते आणि हातात भाकरीचा तुकडा घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसते. तेव्हा ते सहृदय असते की नाही, असा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात तो एका विशिष्ट कलाकृतीच्या संदर्भात विचारावयाचा आहे. ती कलाकृती म्हणजे ‘डोरेमॉन’ ही जपानी चित्रमालिका.

विषय ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले, “आता वार्षिकांकात कार्टूनसुद्धा आले म्हणायचे!” त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. तथापि मला ह्या विषयाकडे वळविले ते वर्गातील एका साध्या अडचणीने. कथानक, नायक, संघर्ष, शोकात्म शेवट ह्या संकल्पना शिकविताना शिक्षकाला असे एखादे उदाहरण लागते की जे वर्गातल्या सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पिढीच्या शिक्षकांना ‘श्यामची आई’ किंवा ‘फास्टर फेणे’ एवढे म्हटले की पुरे होई. आज आपल्या वर्गांत बसणारी मुले-मुली साधारणतः २००५ च्या आगेमागे जन्मलेली आहेत. त्यांच्यापैकी काहींनी ‘श्यामची आई’ वाचली आहे, काहींनी नाही. पण ‘डोरेमॉन’ म्हटल्याबरोबर शेवटच्या बाकापर्यंत सर्वांचे चेहरे एकदम उजळतात. पिंपळगावची, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, भोकरदनहून बसने येणारी, सगळीच. एवढा एकजिनसी वाचकवर्ग मराठी शिक्षकाला आजकाल मिळतो कुठे?

मी काही पाहणी केलेली नाही. माझ्यापाशी तक्ते नाहीत की टक्केवारी नाही. दोन वर्गांशी काही तासिका गप्पा मारल्या, ज्यांना इच्छा होती त्यांना पानभर लिहून आणावयास सांगितले आणि त्यावर विचार केला, एवढेच.

प्रथम मूळ कृतीविषयी. ‘डोरेमॉन’चा जन्मदाता फुजिमोतो हिरोशी (१९३३–१९९६) हा ‘फुजिको एफ. फुजिओ’ ह्या टोपणनावाने ओळखला जातो. १९६९ च्या डिसेंबरात, म्हणजे १९७० च्या जानेवारी अंकांतून, ही चित्रकथा शोगाकुकान ह्या प्रकाशनसंस्थेच्या सहा बालमासिकांत एकाच वेळी सुरू झाली. ही मासिके इयत्तावार होती. पहिलीच्या मुलांसाठी एक, दुसरीच्या मुलांसाठी दुसरे, अशी. आणि लेखक प्रत्येक मासिकासाठी त्या त्या वयाला पेलेल अशी वेगळी कथा काढीत असे. आपल्याकडे बालवाङ्मयाच्या परिसंवादांत ‘वयोगटानुसार लेखन’ ह्या विषयावर जे ठराव होतात, ते ह्या माणसाने महिन्यामागून महिने प्रत्यक्ष करून दाखविले. १९७३ मध्ये दूरचित्रवाणीवर सहा महिने चाललेला पहिला प्रयोग फारसा टिकला नाही. २ एप्रिल १९७९ रोजी सुरू झालेली दुसरी मालिका मात्र मार्च २००५ पर्यंत चालली, आणि त्या सव्वीस वर्षांत डोरेमॉनचा आवाज एकाच अभिनेत्रीचा होता, ओयामा नोबुयो हिचा. ती २०२४ मध्ये वारली. एप्रिल २००५ पासून नव्या नटसंचासह मालिका पुन्हा सुरू झाली. योगायोग असा की त्याच वर्षी भारतात हंगामा वाहिनीवर हिंदी डोरेमॉन अवतरला. हिंदीतील त्याचा आवाज सोनल कौशल हिचा. काम सुरू केले तेव्हा ती स्वतःच शाळकरी वयाची होती.

कथेची मांडणी साधी आहे. नोबिता हा चौथी-पाचवीच्या वयाचा मुलगा अभ्यासात मागे, खेळात मागे, भित्रा, झोपाळू. परीक्षेत त्याला शून्य गुण पडणे ही नित्याची बाब. एके दिवशी त्याच्या टेबलाच्या खणातून बाविसाव्या शतकातील एक यांत्रिक मांजर बाहेर येते. त्याच्या पोटावरच्या खिशात भविष्यकाळातील असंख्य उपकरणे आहेत. डोक्याला लावून उडावयाचे बांबूकॉप्टर, कुठेही नेणारे दार, कालयंत्र. नोबिता रडत येतो, मांजर खिशातून काहीतरी काढते, काम भागते, मग नोबिता त्या वस्तूचा दुरुपयोग करतो आणि शेवटी तोंडघशी पडतो. बहुतेक कथा ह्याच वळणाच्या. मांजराची उंची १२९.३ सेंटिमीटर ठेविली आहे. त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांची ती सरासरी उंची होती. म्हणजे ह्या मार्गदर्शकाला मुलाकडे वरून पाहावे लागत नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो.

आता ही विज्ञानकथा मानावयाची काय? मराठीत विज्ञानकथेची चर्चा बरीच शिस्तीची झालेली आहे. भा. रा. भागवत, भालबा केळकर ह्यांनी व्हर्न-वेल्सना मराठी वाचकाच्या घरी आणले. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतल्या. आणि अशाच एका स्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, ती जयंत नारळीकरांची निघाली. नारळीकरांच्या परंपरेची कसोटी लाविली, म्हणजे विज्ञानाचा एखादा ज्ञात नियम घेऊन तो तर्कशुद्धपणे पुढे ताणणे, तर डोरेमॉन नापास होईल. कुठेही नेणारे दार कसे चालते, हे कोणी सांगत नाही. परंतु फुजिमोतोने स्वतःच ह्यावर एक मजेशीर तोडगा काढला होता. विज्ञानकथेला इंग्रजीत जी दोन आद्याक्षरे वापरतात, त्यांचा अर्थ तो जपानीत ‘सुकोशी फुशिगी’ असा लावी. ‘सुकोशी फुशिगी’ म्हणजे थोडेसे अद्भुत. आपल्या रसव्यवस्थेत अद्भुताला स्थान आहेच. ‘थोडेसे’ हा शब्द मात्र जपानी लेखकाचा. घर तेच, गल्ली तीच, आईची बोलणी तीच, शाळेचा उशीर तोच. केवळ एक खण उघडतो. अद्भुत जेवढे थोडे, तेवढे ते मुलाला आपलेसे वाटते. आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिले आहे की, लहानपणी तो घरातल्या लोखंडी पेटीचे झाकण रोज एकदा उघडून पाही. टेबल आमच्याकडे नव्हते, असेही त्याने पुढे प्रांजळपणे लिहिले आहे.

एक बाजूची गोष्ट. ज्या उपकरणांनी ही मुले चकित झाली, त्यांपैकी काही आज त्यांच्या खिशात आहेत. एक विशिष्ट वडी खाल्ली की परकी भाषा समजू लागते, असे डोरेमॉनमध्ये आहे. मोबाईल आज तेच काम बऱ्यावाईट रीतीने करतो. पण मुलांना ह्याचे काही अप्रूप वाटत नाही. “सर, मोबाईल आपलं रडणं ऐकून खिशातून काही काढत नाही,” असे एक मुलगी म्हणाली. तेव्हा आकर्षण उपकरणांचे होते हा समज बाजूला ठेविलेला बरा.

मग आकर्षण कशाचे होते? येथे मला कथेच्या एका अंगाकडे वळावे लागते. ते बहुतेक प्रौढांच्या लक्षात येत नाही. ह्या भागातल्या मुलांच्या मात्र नेमके लक्षात आलेले आहे. डोरेमॉन नोबिताकडे येतो तो कशासाठी? त्याला लाडावण्यासाठी नव्हे. पहिल्याच कथेत नोबिताच्या नातवाचा नातू सेवाशी हा भविष्यातून येतो आणि खापरपणजोबांच्या आयुष्याचा हिशेब मांडतो. नोबिताला शिक्षण संपवून नोकरी मिळणार नाही. १९८८ मध्ये तो स्वतःचा धंदा काढील, १९९३ मध्ये फटाक्यांनी त्याची कंपनी जळेल, १९९५ मध्ये ती बुडेल आणि देणेकरी दारात उभे राहतील. ते कर्ज इतके मोठे की शंभर वर्षांनंतरही फिटलेले नाही. सेवाशीला नववर्षाच्या ओवाळणीदाखल अवघे पन्नास येन मिळतात. म्हणून त्याने घरचा यंत्रमांजर भूतकाळात धाडला आहे. खापरपणजोबा सुधारला तर कर्ज होणार नाही.

म्हणजे जगभर कोट्यवधी मुलांनी पाहिलेल्या ह्या मालिकेच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्या न फिटलेले कर्ज आहे! टोकियोत किंवा पुण्यात बसून पाहणाऱ्याला हा केवळ विनोदी निमित्ताचा भाग वाटेल. जालना जिल्ह्यात तो तसा वाटत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. लोकांनी त्या उपटून सरपणाला घातल्या. त्या वर्षी आमचे आजचे विद्यार्थी सहा-सात-आठ वर्षांचे होते. पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. येथून मिरची ट्रकांत भरून दूरदूरच्या राज्यांत जाते. भाव मिळाला तर गावात नवी मोटारसायकल दिसते. पडला तर तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि मिरची झाडावरच लाल होते. अशा घरातले मूल जेव्हा पाहते की शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या देण्याने आजच्या पोराची ओवाळणी खाल्ली, तेव्हा त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एका विद्यार्थ्याने वर्गात काढलेले उद्गार मी जसेच्या तसे देतो: “सर, नोबिताच्या सातबारावर बोजा होता.” वर्ग हसला. तो स्वतः हसला नाही.

ह्या कथेवर कितीतरी मुलांनी आपण होऊन लिहिले आहे. कोणी आपल्या आजोबांविषयी लिहिले, कोणी विहिरीसाठी काढलेल्या कर्जाविषयी. त्यांतील खाजगी तपशील येथे देणे योग्य होणार नाही. पण त्या लेखनातला एक समान सूर नोंदविण्यासारखा आहे. ही मुले स्वतःला नोबिता समजत नव्हती. ती स्वतःला सेवाशी समजत होती. आपल्या आधीच्या कोणाकडे जाऊन त्याला वेळीच सावध करता आले असते, तर? शाळेत हमखास नापास होणाऱ्या मुलाला सगळे ‘नोबिता’ म्हणत, दांडगट मुलाला ‘जियान’ म्हणत, श्रीमंताच्या शेखी मिरविणाऱ्या पोराला ‘सुनिओ’. पण ‘सेवाशी’ असे टोपणनाव कोणी कोणाला दिल्याचे आढळत नाही. ते प्रत्येकाने स्वतःपाशी ठेवून घेतले असावे, असा माझा तर्क आहे.

ह्या पार्श्वभूमीवर प्रौढांच्या प्रतिक्रिया पाहिल्या म्हणजे गंमत वाटते. २०१३ च्या आरंभी बांगलादेशाने हिंदी डोरेमॉनचे प्रक्षेपण बंद केले. मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली, आणि नोबितापासून खोटे बोलणे शिकू लागली, ही कारणे होती. २०१६ मध्ये पाकिस्तानातील पंजाब प्रांताच्या विधानसभेत डोरेमॉनविरुद्ध ठराव मांडला गेला. मुलांच्या अभ्यासावर आणि शारीरिक वाढीवर परिणाम होतो, असे म्हणणे होते. त्याच सुमारास आपल्याकडे मध्य प्रदेशातील एका सामाजिक कार्यकर्त्याने डोरेमॉन व शिनचॅन बंद करण्यासाठी कायदेशीर नोटीस दिली. शिनचॅनवर तर त्याआधी २००८ मध्येच भारतात बंदी येऊन गेली होती. पुढच्या वर्षी तो काटछाट होऊन परतला. तीन देश, एरवी एकमेकांशी फारसे न पटणारे, एका निळ्या मांजरापुढे एकमताने उभे राहिले, हे दक्षिण आशियाच्या इतिहासात नोंद करून ठेवण्यासारखे आहे.

आमच्या गावातही तक्रारी होत्याच. “पोरगं हिंदीत भांडायला लागलं,” ही त्यांतली मुख्य. ही तक्रार मला फारशी गंभीर वाटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. बाजाराची हिंदी येथल्या माणसाला नवी नाही. आमची पोरे खेळताना हिंदी बोलली आणि घरी जाऊन आजीशी आपल्या बोलीत बोलली. ढाक्याच्या घरात जो धोका वाटला, तो पिंपळगावात वाटावयाचे कारण नव्हते. वाईट वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. वाढत्या वयात रोज अर्धा-एक तास ज्या कथेने मुलाला धरून ठेवले, ती कथा त्याला मराठीतून मिळाली नाही. डिस्नेच्या वाहिनीवर डोरेमॉन तमिळमध्ये आणि तेलुगूत बोलला. बांगलादेशातही बंदीनंतर तो बंगालीत आणला गेला. बंदी घालून थांबण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा.

दुसरी तक्रार आळसाची. नोबिता काही करीत नाही, सारे मांजर करते. मुले तेच शिकणार. हा आक्षेप मालिका न पाहणाऱ्यांचा आहे, एवढे मी ठामपणे म्हणेन. स्मरणपावाची कथा घ्या. पाठ्यपुस्तकाच्या पानावर पावाचा तुकडा दाबावयाचा, अक्षरे पावावर उमटतात, तो खाल्ला की मजकूर पाठ. नोबिता परीक्षेच्या आदल्या रात्री पाव खाऊन खाऊन फुगतो. पोट बिघडते आणि पावाबरोबर पाठांतरही निघून जाते. गाईड आणि ‘अपेक्षित’ पाठ करून परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांना ह्याहून चांगला धडा कोणत्या शिक्षकाने दिला असेल? दुसऱ्या एका कथेत नोबिताला असे एक बटण मिळते की ते दाबताच नकोसा माणूस नाहीसा होतो. दाबता दाबता तो जगात एकटाच उरतो, आणि रडू लागतो. मग डोरेमॉन उलगडा करतो की हुकूमशहांना अद्दल घडविण्यासाठीच हे यंत्र बनविले आहे. ही गोष्ट आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला अगदी तपशीलवार आठवत होती. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी ह्याची नोंद घ्यावी.

आणि आजीची कथा. नोबिता कालयंत्रातून मागे जाऊन आपल्या मेलेल्या आजीला भेटतो. ती त्याला ओळखते, मोठा झालेला पाहून तिला नवल वाटत नाही, आणि तुझी नवरीही पाहावीशी वाटते, असे म्हणते. ह्या भागाच्या वेळी आपण रडलो, हे सांगताना वर्गातल्या दोन आडदांड मुलांनीही संकोच केला नाही. आपल्याकडे करुणरसाचा परिपोष शिकविताना मी ‘उत्तररामचरिता’चे उदाहरण देतो. पुढील वर्षापासून दोन्ही देणार आहे.

रसिकाच्या कर्तृत्वाचा खरा पुरावा मात्र ह्या मालिकेच्या शेवटाविषयी आहे. खरे पाहता तिला शेवटच नाही. फुजिमोतो १९९६ मध्ये वारला तेव्हा कथा चालूच होती. परंतु तो हयात असताना त्याने तीन वेळा शेवट काढला होता, १९७१, १९७२ आणि १९७४ च्या मार्च अंकांत. मार्चच का? जपानात शालेय वर्ष मार्चअखेर संपते. ज्या मासिकाची मुले पुढच्या इयत्तेत जाणार, त्यांचा निरोप घेणे प्राप्त. १९७४ चा निरोप सर्वांत गाजला. डोरेमॉनला परत जावयाचे आहे, पण नोबिताला एकटे टाकवत नाही. त्या रात्री नोबिता एकटाच जियानशी झुंजतो. मार खातो, पुन्हा उठतो, पुन्हा मार खातो. अखेर जियानच कंटाळून हार मानतो. “आता तू निश्चिंत जा,” असा त्याचा भाव. सकाळी डोरेमॉन नसतो. एप्रिलच्या अंकात, म्हणजे पुढच्या इयत्तेच्या मासिकात, तो परत येतो. जियान ‘एप्रिल फूल’ करून डोरेमॉन आल्याची थाप मारतो. चिडलेला नोबिता असे औषध घेतो की ज्याने बोललेले उलटे होते. आणि घरी येऊन तो दुःखाने म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही. २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ ह्या चित्रपटात हा भाग आहे.

पण चाहत्यांना एवढ्याने समाधान झाले नाही. १९८० च्या दशकात जपानात एक अफवा पसरली की सारी कथा म्हणजे बेशुद्धावस्थेत पडलेल्या आजारी मुलाचे स्वप्न आहे. फुजिमोतोने ती नाकारली. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका चाहत्याने रचलेला दुसराच शेवट लोकांत पसरला. डोरेमॉनची विद्युतघटमाला संपते. ती बदलली तर स्मृती पुसली जाणार, कारण स्मृतीची राखीव प्रत कानांत असते आणि त्याचे कान उंदरांनी केव्हाच कुरतडले आहेत. नोबिता रडत नाही. तो अभ्यासाला बसतो. वर्षे जातात, तो यंत्रमानवशास्त्राचा मोठा संशोधक होतो आणि एके दिवशी स्वतःच्या हाताने डोरेमॉनला जागे करतो. त्यावर २००५ मध्ये एका हौशी चित्रकाराने पुस्तिका काढली. तिच्या सुमारे १३ हजार प्रती खपल्या. प्रकाशनसंस्थेने हक्कभंगाची तक्रार केली, चित्रकाराने माफी मागून मिळकतीचा काही भाग दिला. कायद्याने ते योग्यच झाले. परंतु रसिकाच्या दृष्टीने पाहिले, तर आळशी म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलाला त्याच्या चाहत्यांनीच कामाला लाविले, ही गोष्ट उरतेच. आक्षेप घेणाऱ्या विधानसभेला हे ठाऊक नव्हते.

हा शेवट आमच्या मुलांपर्यंतही पोचला आहे. कुठून, हे त्यांना सांगता येत नाही. बहुतेकांना तो मूळ मालिकेचाच भाग वाटतो. भागवतातल्या कथा कीर्तनातून ऐकून माणसे जशी ‘हे पोथीतच आहे’ म्हणतात, तसेच हे. एका मुलाने त्यात स्वतःची भर घातली होती. त्याच्या आवृत्तीत घटमाला संपते ती भारनियमनाच्या वेळी. २००५ नंतरची काही वर्षे आपल्याकडे वीज दिवसा किती तास असे, हे ज्यांना आठवते त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. ऐन रंगात आलेला भाग अर्ध्यावर तुटे आणि उरलेली गोष्ट मुले ओट्यावर बसून आपापसांत पुरी करीत. एकाच भागाचे चार-चार शेवट एका गल्लीत होत. महावितरणच्या कृपेने सर्जनशील लेखनाचा हा वर्ग वर्षानुवर्षे चालला.

मुलींच्या प्रतिक्रियांचा स्वतंत्र विचार करावा लागेल, कारण त्या अधिक तिखट आहेत. शिझुका ही मालिकेतली हुशार, समंजस मुलगी. पण तिला करावयास काय दिले आहे? वाचावे, व्हायोलिन वाजवावे, संकटात सापडावे आणि शेवटी नोबिताशी लग्न करावे. अनेक मुलींनी लिहिले की लहानपणी त्यांना शिझुका आवडे, आता आवडत नाही. लग्नाच्या आदल्या रात्री शिझुकाचे वडील नोबिताची प्रशंसा करतात, दुसऱ्याच्या सुखाने सुखी आणि दुःखाने दुःखी होणारा तो माणूस आहे, अशा अर्थाची. मुलांना तो प्रसंग फार हृद्य वाटतो. मुलींपैकी एकीने शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे : “आणि नोकरी?”

ह्या सर्वांत एका द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने मांडलेला मुद्दा मला अजून सोडवत नाही. मूळ भविष्यात नोबिताचे लग्न शिझुकाशी होत नाही, जियानच्या बहिणीशी, जायकोशी होते. जायको जाडी, रासवट. आणि तिच्याशी लग्न होणार हे नोबिताला कर्जाइतकेच भयंकर वाटते. सेवाशीला तो विचारतो की माझे लग्न दुसरीशी झाले तर तू जन्मशील कसा? सेवाशीचे उत्तर प्रसिद्ध आहे. ओसाकाला जावयाचे तर गाडीने जा, विमानाने जा, पोचणार ओसाकालाच. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मुंबईला जालन्याहून रेल्वेने जा नाहीतर भोकरदनहून एस.टी.ने. हे उत्तर तर्काला कितपत पटते, ह्यावर मुलांनी तासभर वाद घातला. ती विद्यार्थिनी गप्प होती. तास संपताना तिने विचारले, “नोबिताचं भविष्य बदललं, सर. पण जायकोच्या भविष्यातून तिचा नवरा, तिची सहा पोरं काढून घेतली, तेव्हा तिला कुणी विचारलं का?”

मला लगेच काही सांगता आले नाही. नंतर पाहिले, तर फुजिमोतोला हे कुठेतरी जाणवले असावे असे दिसते. सुरुवातीस केवळ हशासाठी आणलेली जायको पुढच्या कथांत बदलत जाते. ती चित्रकथा काढू लागते, ‘क्रिस्टिन गोदा’ असे टोपणनाव घेते, आपले काम नाकारले गेले तर रडते आणि पुन्हा काढावयास बसते. तिचा दांडगट भाऊ तिच्या चित्रांसाठी वाचक गोळा करीत हिंडतो. तिच्यासाठी मात्र कोणी मांजर पाठविलेले नाही. हे मी त्या मुलीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मग मालिका तिच्यावरच काढायची होती,” आणि पुढच्या आठवड्यात तिने जायकोची गोष्ट लिहून आणली. ती मराठीत आहे. वह्यांच्या फाडलेल्या पानांवर, दोन्ही बाजूंनी, चौदा पाने. जायको त्यात पिंपळगावच्या मिरचीबाजारात हिशेब लिहिते.